उत्तम रॉक अल्बम, वाईट आवाज: घात नेमका कुठे झाला?

खर्ज

"अल्बम थोर आहे, पण साउंडने माती खाल्ली" हे वाक्य इथे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यात येतं. माती नेमकी कुणी खाल्ली, ते मात्र कुणी सांगत नाही. सगळं खापर "मास्टरिंग"वर फुटतं. म्हणून हा वेगळा धागा.

बिघाडाच्या जागा तीन. पहिली रेकॉर्डिंग: माइक, खोली, टेप, त्या दिवशी जे लागलं ते. दुसरी मिक्स: चोवीस ट्रॅकमधून दोन करताना कोण पुढे आणि कोण मागे. तिसरी मास्टरिंग: तयार स्टिरिओ मिक्सची शेवटची पातळी आणि टोन. हा भेद करायचा तो इलाजासाठी. मास्टरिंग बिघडलं असेल तर दुसरी आवृत्ती शोधली की काम होतं. मिक्स बिघडला असेल तर मल्टिट्रॅक टेप (प्रत्येक वाद्य वेगळं असलेल्या मूळ टेप) जिवंत असायला हव्यात आणि कुणीतरी त्या पुन्हा उघडायला हव्यात. आणि रेकॉर्डिंगच बिघडलं असेल, तर जे आहे त्यावर प्रेम करा.

सुरुवात मेटॅलिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'पासून (१९८८) करतो. मास्टरिंगचा यात काडीचा संबंध नाही, तरी लोक रीमास्टरची वाट बघत बसले होते. २०१८ मध्ये मोठा बॉक्स सेट आला. बास होता तिथेच, म्हणजे कुठेच नाही! दोन ट्रॅकच्या मिक्समध्ये जे खाली दाबलेलं आहे ते मास्टरिंगवाला वर कसं काढणार? आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, डाळच घातली नसेल तर काय करणार?

प्रतिसादात कृपया अल्बम, साल आणि "तिघांपैकी कोण" एवढं तरी लिहा. नुसत्या याद्या नकोत.

---

चकती

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

मिक्सरवाली

'जस्टिस'चं अजून थोडं खोलात जाऊन बघायला हवं. "ड्रमर लार्सने बास कमी करायला लावला" एवढ्यावर विषय संपत नाही.

रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत, निर्माता फ्लेमिंग रासमुसेन. मिक्स न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांच्याकडे. त्याच उन्हाळ्यात बँड 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' दौऱ्यावर होता. म्हणजे रात्री स्टेडियममध्ये कान भाजून घ्यायचे आणि मधल्या सुट्टीत येऊन मिक्सवर मत द्यायचं. स्टेडियमने थकलेल्या कानांना वरच्या पट्टीतला आवाज कमीच वाटतो, त्यामुळे "अजून वाढवा, अजून वाढवा" होत जातं. थॉम्पसनने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे की बास जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला सांगितला गेला, आणि तिथून आणखी खाली.

पण बास इतका सहज गायब होऊ शकला, याचं कारण वाजवण्यात आणि टोनमध्ये आहे. बासची खालची ई तार ४१.२ हर्ट्झवर, गिटारची ८२.४ वर. बास गिटारचीच रिफ एक सप्तक खाली, नोटेला नोट वाजवत असेल तर बासचा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर) बरोबर गिटारच्या मूळ स्वरावर येऊन पडतो. छोट्या स्पीकरवर ४१ हर्ट्झ ऐकूच येत नाही, तिथे आपण बास ओळखतो तो ८० ते २५० मधल्या हार्मोनिक्सवरून. तीच जागा हेटफिल्डच्या गिटारने आधीच भरलेली. गिटारचा मिड खरवडून काढलेला, खालचा भाग फुगवलेला, वर किक ड्रमला तीन ते पाच किलोहर्ट्झची टकटक. बासला उभं राहायला फळीच उरली नाही. त्याला स्वतःची वेगळी चाल असती, तर पाच डेसिबल खाली जाऊनही तो कळला असता.

---

तिरकिट

पण मग इक्वलायझरवर १०० हर्ट्झला सहा डेसिबल चढवले तर? थोडा तरी येतो की.

---

मिक्सरवाली

येते ती किक आणि गिटारचा पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेला ठोका). कारण तेही तिथेच आहेत. "धब धब" वाढते, बासची चाल कळत नाही. करायचंच असेल तर १०० ऐवजी ५० ते ६० हर्ट्झला रुंद असा दोन-तीन डेसिबलचा उठाव द्या, २०० च्या आसपास दोन डेसिबल काढा, आणि चार किलोहर्ट्झला दीड-दोन काढून किकची टकटक बसवा. अल्बम ऐकताना कमी दमतो. बास तरीही सापडणार नाही.

---

रिळवाला

खर्ज, मास्टरिंगचा नमुना हवा असेल तर त्याच बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. आणि गंमत म्हणजे तिथेही मास्टरिंग इंजिनिअर टेड जेन्सनचं म्हणणं असं होतं की मिक्स त्याच्या हाती आले तेव्हाच भिंतीला टेकलेले होते. म्हणजे दोष मिक्सच्या शेवटच्या टप्प्यातला, आणि लोकांच्या शिव्या मास्टरिंगवाल्याला.

पुरावा कुठून आला, तर एका व्हिडिओ गेममधून. 'गिटार हिरो ३'साठी तोच अल्बम त्याच सुमारास उपलब्ध झाला. गेमला प्रत्येक वाद्य वेगळं लागतं, कारण खेळणारा चुकला की गिटार बंद पडायला हवी. त्यामुळे गेमकडे गेलेले ट्रॅक सीडीच्या शेवटच्या लिमिटरमधून (शिखरं ठरावीक पातळीवर दाबणारं यंत्र) गेलेच नव्हते. चाहत्यांनी ते काढले, सीडीशेजारी ठेवले आणि तरंगाकृती बघून सगळ्यांचे डोळे उघडले. सीडीची म्हणजे तासलेली वीट, गेमची म्हणजे झाडासारखी, फांद्या असलेली. सीडीचा डीआर (डायनॅमिक रेंज) ३ येतो. हजारो लोकांनी पुन्हा मिक्स करा म्हणून अर्जावर सह्या केल्या. २०१५ मध्ये आयट्यून्ससाठी आलेली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी आहे. विकत घेताना तेवढं बघा.

---

तिरकिट

डीआर ३ म्हणजे नेमकं काय मोजतात? लोक आकडे फेकतात, पण मोजणी कशी असते ते कुठे सापडत नाही.

---

खर्ज

डीआर मीटर गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याची सरासरी ताकद (आरएमएस) काढतो. त्यातले सर्वांत जोरकस २० टक्के तुकडे उचलतो आणि त्यांची पातळी शिखराच्या पातळीशी ताडून बघतो. शिखर म्हणून सर्वांत उंच नव्हे, दुसऱ्या क्रमांकाचं घेतो, म्हणजे एखादा भरकटलेला टिचका आकडा बिघडवत नाही. जो फरक येतो तो डेसिबलमध्ये डीआर. ३ म्हणजे स्नेअरचा फटका आणि त्यामागची गिटारची भिंत यांत जेमतेम तीन डेसिबलचं अंतर. सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या चांगल्या सीड्या १२-१३ च्या घरात सापडतात.

दोन सावधगिऱ्या. एक, डीआर म्हणजे दर्जा नव्हे. डीआर १४ असलेला चिखलही असतो. 'जस्टिस'च्या पहिल्या सीडीचा आकडा बघून कुणालाही ती आदर्श वाटेल. दोन, विनाइलवरून उतरवलेल्या फाइलचा डीआर कधीही सीडीच्या डीआरशी ताडू नका. चिरडलेल्याच मास्टरवरून तबकडी कापली तरी ती वाजवून उतरवताना फिल्टर आणि फेजच्या सरकण्यामुळे सपाट माथे तिरके होतात आणि शिखरं उंच दिसतात. मीटर तीन-चार आकडे फुकटात देऊन टाकतो, आवाज मात्र तोच चिरडलेला. "विनाइलचा डीआर १०, सीडीचा ६, म्हणून विनाइलचं मास्टर वेगळं" या अनुमानावर लोक हजारो रुपये उडवतात.

---

जवारी

रॉकमध्ये विकृती म्हणजेच आवाज. गिटारचा ॲम्प जाणूनबुजून जाळतात. तर मग क्लिपिंगला (पातळी छताला टेकून तरंगाचे माथे सपाट कापले जाण्याला) एवढं काय घाबरायचं? स्टूजेसच्या 'रॉ पॉवर'ला (१९७३) तुम्ही कोणत्या रकान्यात टाकणार?

---

रिळवाला

तुमच्या नावातच उत्तर आहे की राव! तंबोऱ्याची जवारी तारेखाली दोरा सरकवून लावतात, ती तारेच्या स्वराबरोबर उमलते आणि स्वराबरोबर विरते. ट्यूब ॲम्पची विकृती तशी: जोरात वाजवलं की जास्त, हळू वाजवलं की कमी, आणि फक्त गिटारवर. डिजिटल क्लिपिंग अख्ख्या मिक्सवर एकदम बसतं. किक पडली की त्याच क्षणी गाणाऱ्याचा आवाजही करकरतो, झांजाही करकरतात. किकचा आणि गाणाऱ्याचा काही संबंध नसताना. कानाला खटकतं ते हे.

'रॉ पॉवर' मात्र फार नाजूक केस आहे. लंडनला सीबीएसच्या स्टुडिओत १९७२ च्या शरद ऋतूत रेकॉर्ड झाला, निर्मिती बँडचा गायक इगी पॉपने स्वतः केली. मिक्ससाठी डेव्हिड बोवीकडे टेप आली तेव्हा, त्याच्या सांगण्यानुसार, चोवीसपैकी तीनच ट्रॅक भरलेले होते: एकावर सगळा बँड, एकावर जेम्स विल्यमसनची लीड गिटार, एकावर गाणं. बास, ड्रम आणि रिदम गिटार एकाच ट्रॅकवर चिकटलेली असतील तर मिक्स काय करणार? लॉस एंजेलिसच्या वेस्टर्न स्टुडिओत एका दिवसात काम उरकलं. लीड आणि गाणं पुढे, बाकी सगळं मागच्या गल्लीत. लोक बोवीच्या नावाने खडे फोडतात, पण निम्मा निर्णय टेपवर आधीच झालेला होता.

रच्याकने, 'गिमी डेंजर'च्या गिटारवर बोवीने कूपर टाइम क्यूब वापरला. डब्यात प्लॅस्टिकच्या नळीची वेटोळी, एका टोकाला आवाज सोडायचा, दुसऱ्या टोकाला माइक. आवाज नळीतून जायला जेवढा वेळ लागतो तेवढा डिले, १४ किंवा १६ मिलिसेकंद. बागेला पाणी घालायच्या पाइपमधून गिटार गेली आहे, आणि तोच त्या अल्बममधला सर्वांत देखणा आवाज आहे.

---

जवारी

नळीचं माहीत नव्हतं, झकास. पण मग १९९७ मध्ये इगीने स्वतः केलेला रीमिक्स? तिथे बास आणि ड्रम तर पुढे आले.

---

रिळवाला

आले, म्हणजे टेपवर बोवीने सांगितलं त्यापेक्षा बरंच काही होतं. पण मीटर कायम लाल पट्ट्यात. इगीने ते मुद्दाम केलं, मिळमिळीतपणाचा सूड म्हणून. एका टोकाचा बिघाड काढून दुसऱ्या टोकाचा घातला. २०१० ची लेगसी आवृत्ती पुन्हा बोवीच्याच मिक्सवर गेली, रीमास्टर करून. दोन्ही जवळ ठेवाव्यात. कोणत्याही एकीला "बरोबर" म्हणता येत नाही.

---

मोनोप्रेमी

माझ्याकडून एक निखळ यंत्राचा बिघाड: स्टीली डॅनचा 'केटी लाइड' (१९७५). इथे कुणाची आवडनिवड नाही, लाउडनेसची शर्यत नाही. मिक्स उतरवताना वापरलेल्या डीबीएक्स नॉइज रिडक्शनने दगा दिला.

डीबीएक्स काम कसं करतं ते कळलं की नुकसान किती झालं असेल ते कळतं. रेकॉर्ड करताना तो आवाजाचा आवाका निम्मा करतो (२:१) आणि वाजवताना दुप्पट करून मूळ जागी आणतो. मध्ये टेपची खरखर दबते. पण दुप्पट करताना मधल्या चुकाही दुप्पट होतात. टेप डेकने वरच्या पट्टीत दीड डेसिबल खाल्ले असतील तर बाहेर येताना तीन गेलेले असतात. आणि दाबणारं व उलगडणारं सर्किट एकमेकांशी जुळत नसेल तर झांज वाजल्यावर मागची पातळी हेलकावे खाते, दम लागल्यासारखी. डॉल्बी ए हे याच कामाचं दुसरं तंत्र यापेक्षा सोशिक: तो चार पट्ट्यांत काम करतो आणि फक्त हळू आवाजांना हात लावतो, जोरकस भाग बराचसा तसाच सोडतो.

स्टीली डॅनचे बेकर आणि फेगन हे दोघे एकेका सोलोसाठी वादक बदलत बसणारे. त्यांना तो अल्बम पुरा झाल्यावर ऐकवेना. आपल्याला आज ऐकताना "एवढा काय वाईट आहे?" वाटतं, कारण वाजवणं आणि मूळ रेकॉर्डिंग अफाट आहे. 'एजा' (१९७७) लगेच त्यानंतर लावा. झांजांच्या वरची हवा कुठे गेली होती ते कळेल.

---

खर्ज

सुंदर प्रतिसाद. याला मी चौथा रकाना करतो: मिक्स आणि मास्टरिंग यांच्या मधल्या पायरीवर सांडलेलं दूध.

---

चकती

'कॅलिफोर्निकेशन' (१९९९) अजून कुणी काढला नाही? आश्चर्य आहे. रेड हॉट चिली पेपर्स, निर्माता रिक रुबिन. वाद्यं तीन आणि एक गाणारा. एवढी मोकळी मांडणी असताना आवाज फाटलेला. 'डेथ मॅग्नेटिक'लाही रुबिनच, हे जाता जाता. शीर्षकगीतात तर सुरुवातीला फक्त बास आणि गिटार, तरी गाणं भरलं की गाणाऱ्याच्या आवाजाला कागद फाटल्यासारखी किनार येते. हेडफोनवर नक्की ऐका.

---

तिरकिट

हे आपल्या सीडीवर तपासायचं कसं? कान सांगतात, पण डोळ्यांना दाखवायचं असेल तर?

---

चकती

ऑडॅसिटी पुरतं, फुकट आहे.

आधी सीडी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'ने वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा. एमपी३ वर तपासू नका, कारण एमपी३ उलगडताना शिखरं मूळ पातळीच्या वर जातात आणि नसलेलं क्लिपिंग दिसतं. फाइल उघडा, 'व्ह्यू' मेनूत 'शो क्लिपिंग' चालू करा. लाल रेघा दिसतील. एखाद-दुसरी असेल तर सोडून द्या. झुडुपं दिसली तर तिथे झूम करत एकेक नमुना (सॅम्पल, म्हणजे तरंगाचा एक बिंदू) दिसेपर्यंत आत जा. सलग तीन-चार किंवा जास्त नमुने एकाच उंचीवर, वर टेबलासारखा सपाट माथा: हे क्लिपिंग.

फसगत इथे होते. कित्येक मास्टर आधी क्लिप करून मग ०.२-०.३ डेसिबल खाली आणलेले असतात. लाल रेघ पूर्ण पातळीलाच पेटते, त्यामुळे ऑडॅसिटी म्हणेल "सगळं ठीक". झूम केलंत तर टेबलं दिसतील, फक्त छतापासून जरा खाली. म्हणून लाल रेघ नसली तरी गाण्यातला सर्वांत जोरकस स्नेअर शोधून तिथे झूम कराच.

---

तिरकिट

आणि दुरुस्ती? त्याच ऑडॅसिटीत 'क्लिप फिक्स' आहे ना.

---

चकती

आहे, आणि मर्यादेत चालतो. फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये घ्या. 'क्लिप फिक्स'मध्ये दोन आकडे असतात. पहिला उंबरठा, मुळात ९५ टक्के. टेबलं जर छताखाली असतील तर तो त्यांच्या उंचीच्या किंचित खाली आणा, नाहीतर त्याला ती दिसणारच नाहीत. दुसरा, नवीन शिखरांना जागा म्हणून पातळी किती खाली घ्यायची, मुळात ९ डेसिबल. तो तसाच राहू द्या. आधी दहा सेकंदांवर करून ऐका, अख्ख्या गाण्याला वेळ लागतो.

तो काय करतो? सपाट माथ्याच्या आजूबाजूचा चढ-उतार बघून मधलं शिखर अंदाजाने रेखतो. आठ-दहा नमुन्यांचं टेबल असेल तर अंदाज बरा येतो. पन्नास नमुने सपाट असतील तर तो कल्पनाविलास. आणि लिमिटरने दाबलेलं (सपाट नव्हे, गोल वाकवलेलं) तर त्याला ओळखूच येत नाही. 'कॅलिफोर्निकेशन'ची करकर कमी होते, स्नेअर थोडा परत येतो. श्वास परत येत नाही.

---

मिक्सरवाली

आणि दोन आवृत्त्या ताडून बघताना पातळी जुळवल्याशिवाय निकाल देऊ नका. अर्ध्या डेसिबलने मोठं असलेलं "जास्त स्पष्ट" वाटतं. दोन्हींचा इंटिग्रेटेड लाउडनेस, म्हणजे अख्ख्या गाण्याचा कानाला जाणवणारा सरासरी जोर, मोजा (त्याचं एकक एलयूएफएस), मोठी फाइल तेवढ्या डेसिबलने खाली आणा, फरक ०.२ च्या आत बसवा, मग ऐका. चिरडलेल्या मास्टरची सगळी ऐट पातळी उतरवल्यावर निघून जाते.

स्ट्रीमिंगवाले आता हेच करतात. स्पॉटिफाय साधारण −१४ एलयूएफएसला आणून वाजवतो. −५ ला बनवलेला अल्बम नऊ डेसिबलने खाली येतो. दणका जातो, फाटणं तेवढं उरतं.

---

अर्धवट_टेप

रशचा 'वेपर ट्रेल्स' (२००२) कुणीच काढला नाही म्हणून आलो. बँडचा ड्रमर नील पर्टची मुलगी १९९७ मध्ये आणि पत्नी १९९८ मध्ये गेली, त्यानंतर बँड पुन्हा उभा राहिला तो या अल्बमने. लिखाण आणि वाजवणं अव्वल. सुरुवातीलाच पर्टचा दोन पेडलांनी वाजवलेला किक ड्रम धडधडतो आणि सीडीवर तो पुठ्ठ्याचा होऊन येतो.

खर्जच्या हिशोबात हा दीड रकान्यातला. नुसतं मास्टरिंग चुकलं असतं तर रीमास्टर पुरला असता. गिटारचे थरावर थर, प्रत्येक थर आधीच दाबलेला, मिक्स दाबलेला, मग मास्टर दाबला. दाबण्यावर दाबणं बेरजेने वाढत नाही. पहिल्या लिमिटरने माथे कापले की दुसऱ्याला सरासरी पातळीच शिखर वाटू लागते आणि तो सतत, न सुटता काम करत राहतो. २००९ च्या संग्रहात दोन गाणी रीमिक्स होऊन आली, ती ऐकून मागणी वाढली. २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने पूर्ण अल्बम मल्टिट्रॅकवरून पुन्हा मिक्स केला. आता गिटारचे थर वेगवेगळे ऐकू येतात, गेडी लीचा बास गिटारच्या पोटातून बाहेर आला आहे. काही ट्रॅकवर मुळातच असलेली खरखर मात्र तशीच आहे. ती रेकॉर्डिंगमधली.

---

मोनोप्रेमी

रीमिक्सने खरोखर तारलेला म्हणजे जेथ्रो टलचा 'ॲक्वालंग' (१९७१). लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर जुन्या चर्चमध्ये आयलंडचा नवाकोरा स्टुडिओ. टल वरच्या मोठ्या खोलीत, त्याच काळात खालच्या लहान खोलीत लेड झेपेलिन चौथ्या अल्बमवर. मोठी खोली अजून कुणाच्या अंगवळणी पडलेली नव्हती. तिथे बरं वाटलेलं बाहेर दुसऱ्या स्पीकरवर मंद आणि बंदिस्त वाटायचं. खोलीच खोटं बोलत असेल तर इंजिनिअर उलट्या दिशेने भरपाई करतो आणि ती भरपाई कायमची टेपवर बसते. पुढची चाळीस वर्षं वेगवेगळ्या आवृत्त्यांत वरची पट्टी चढवून बघितली, फुसफुस तेवढी वाढली.

२०११ मध्ये स्टीव्हन विल्सनने मल्टिट्रॅक उघडले तर वाद्यं स्वच्छ रेकॉर्ड झालेली निघाली. म्हणजे रेकॉर्डिंग निर्दोष, मिक्स दोषी. अकूस्टिक गिटारच्या तारा, बासरीतला श्वास, पियानोची डावी-उजवी बाजू हे सगळं पहिल्यांदा दिसलं. विल्सनने मूळ मांडणी मोडली नाही: फेडर (प्रत्येक ट्रॅकची पातळी ठरवणाऱ्या पट्ट्या) कुठे होते, कोण कोणत्या बाजूला होतं ते जपून फक्त काच पुसली. रीमिक्स असा हवा.

---

जवारी

आणि कसा नको त्याचं उदाहरण मी देतो. झेडझेड टॉपचे सत्तरच्या दशकातले अल्बम १९८७ मध्ये 'सिक्स पॅक' म्हणून सीडीवर आले. ते रीमिक्स केले आणि ड्रमवर ऐंशीच्या दशकाचा गेट (आवाजाची शेपटी झटकन तोडणारा) आणि रीव्हर्ब (घुमारा) चढवला, कारण 'एलिमिनेटर' खपला होता. 'ट्रेस ओम्ब्रेस'सारखा (१९७३) सुका, लाकडी आवाजाचा अल्बम, त्यात ड्रम एखाद्या रिकाम्या गोदामात वाजतो आहे. मूळ मिक्स सीडीवर यायला २००६ उजाडलं. मधली जवळजवळ वीस वर्षं सीडीवाल्यांना तोच खरा अल्बम वाटत होता. जुनी सीडी स्वस्त मिळाली म्हणून उचलू नका, पाठीवर साल बघा.

---

चकती

ऑझी ऑस्बोर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ'चं त्याहून पुढचं. २००२ च्या आवृत्तीत बास आणि ड्रमच नव्या माणसांकडून वाजवून घातले. आवाजासाठी नव्हे, मूळ वादकांशी चाललेल्या वादामुळे. २०११ ला मूळ परत आले. विषयांतर आहे, हलके घ्या.

---

तिरकिट

रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल'ला (१९७२) वाईट म्हणायची कुणाची हिंमत होत नाही वाटतं :)

---

रिळवाला

वाईट म्हणता येत नाही, खराब म्हणता येतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नेल्कोत बंगल्याचं तळघर, बाहेर उभा स्टोन्सचा फिरता स्टुडिओ-ट्रक. तळघरात दमट उकाडा, गिटारी एका गाण्यात सुरातून उतरायच्या. वाद्यं वेगवेगळ्या खोल्यांत, इंजिनिअर बाहेर ट्रकमध्ये, कुणाला कुणी दिसत नाही. प्रत्येक माइकमध्ये शेजारच्याचा आवाज घुसलेला. असा शिरकाव असला की गाणारा वर करायला जाल तर त्याच्या माइकमधला ड्रमही वर येतो. पुढे लॉस एंजेलिसला भर घालून मिक्स केला तरी गाळ तळाशी राहिलाच. पण तो गाळ सगळ्या वाद्यांना एका खोलीत आणतो. विल्सनसारखी काच पुसायला गेलात तर हातात अठरा सुटी गाणी येतील.

उलट 'टिम'ला (१९८५, रिप्लेसमेंट्स) काच पुसणं मानवलं. २०२३ च्या एड स्टॅशियमच्या रीमिक्समध्ये ड्रम पहिल्यांदा खोलीत वाजतो आहे असं वाटतं. मूळ मिक्समध्ये तो डब्यात होता. पर्ल जॅमच्या 'टेन'चा २००९ चा ब्रेंडन ओब्रायनने केलेला मिक्सही त्याच जातीचा: रीव्हर्ब पुसला, बँड चार पावलं पुढे आला. तिथे मात्र मला मूळच आवडतो. तो रीव्हर्ब १९९१ चा शिक्का आहे.

---

अर्धवट_टेप

आता ट्रॅक वेगळे करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, डेमक्स वगैरे. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चा २०२२ चा रीमिक्स असाच झाला, एकाच ट्रॅकवर चिकटलेले ड्रम, बास, गिटार सुटे करून. 'जस्टिस'वर चालेल का?

---

मिक्सरवाली

करून बघायला हरकत नाही, पण 'रिव्हॉल्व्हर'मध्ये बास ऐकू येत होता, नुसता चिकटलेला होता. 'जस्टिस'मध्ये तो झाकलेला आहे. डेमक्स चार भाग देतो: गाणं, ड्रम, बास, उरलेलं. 'जस्टिस'चा "बास" भाग सोलो करून ऐका, त्यात गिटारच्या पाम म्यूटचं खालचं अंग भरपूर येतं, कारण दोघे एकच नोट एकाच क्षणी वाजवतात आणि यंत्राला फरक करायला आधार नाही. तो सहा डेसिबल वाढवलात तर पुन्हा तिरकिटच्या १०० हर्ट्झवालीच धब धब, जरा जास्त नेटकी.

'रॉ पॉवर'वर मात्र करून बघा. तिथे बास आणि ड्रम वेगळी चाल वाजवतात, फक्त दूर आहेत. फाइल बोवीच्या मिक्सची घ्या, १९९७ ची नको, क्लिपिंग असलं की वेगळ्या केलेल्या भागांत पाण्यातून आल्यासारखी बुळबुळ येते. बास तीन डेसिबल, ड्रम दोन, त्याहून वर गेलात तर जोड दिसायला लागतात.

---

तिरकिट

शेवटची शंका. ऐंशीच्या दशकातली एक जपानी सीडी उतरवली, आवाज प्रचंड चरचरीत येतो. प्लेअरवर वाजवली तर बरी वाटते. यात मास्टरिंगचा दोष की उतरवण्याचा?

---

चकती

उतरवण्याचा. प्री-एम्फसिस असणार. सुरुवातीच्या काही सीड्यांवर वरची पट्टी मुद्दाम चढवलेली असते (५० आणि १५ मायक्रोसेकंद), २० किलोहर्ट्झपर्यंत जवळपास साडेनऊ डेसिबल. सीडीवरची एक खूण बघून प्लेअर ती उतरवतो. कॉम्प्युटरवर फाइल काढताना ती खूण गळून पडते. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'त ट्रॅकच्या यादीत प्री-एम्फसिसचा रकाना आहे, तिथे 'येस' दिसलं की सॉक्स (SoX) या प्रोग्रॅममधला 'डीएम्फ' फिल्टर चालवा. पण आधी पातळी एक-दोन डेसिबल खाली आणि २४ बिटमध्ये, मग फिल्टर. रकान्यात 'नो' असूनही चरचर असेल तर खूण फक्त सबकोडमध्ये (सीडीवर गाण्याबरोबर लिहिलेली जोड-माहिती) असू शकते. यादीवर न जाता सबकोड वाचून बघा.

---

तिरकिट

'येस' आहे. फिल्टर चालवला, बसला आवाज. धन्यवाद.